पायांचं आणि औषधाच्या गोळ्यांचं राहूनच गेलं
नाशिकजवळच्या अंजनेरी किल्ल्याच्या पायथ्याशी ‘हाताबाहेर गेलेल्या’ (हा शब्दच नको खरंतर) मुलांसाठी निसर्गशिबिर भरवावं, ही नुकत्याच वाचलेल्या एका लेखातली सूचना चांगली. पण त्यात दिलेल्या दिनक्रमात नुसती चढाई, शेकोटी, गप्पा. संध्याकाळची पायतपासणी कुठंय? मोजे काढून टाचा, बोटांच्या बेचक्या बघायच्या; लाल दिसलं की लगेच चिकटपट्टी, फोड येईपर्यंत थांबायचं नाही. सुती मोजे घामाने ओलेच राहतात. गोळ्यांचं त्याहून नाजूक. लिथियम (मनःस्थितीतले तीव्र चढउतार आवरणारं औषध) चालू असलेल्या मुलाला एप्रिलच्या उन्हात पाणी-मीठ कमी पडलं, तर रक्तातलं लिथियम वाढतं: हात थरथरतात, उलट्या होतात, तोल जातो. ‘नाटकं करतोय’ म्हणून त्याला तसंच चालवणं धोक्याचं. तिथून थेट दवाखाना गाठायचा.