‘एक साइज मोठा टायर टाका’ म्हणणाऱ्यांना उत्तर

संत्र्याच्या आंबिया बहाराची तोडणी सुरू झाली की काटोल-नरखेडकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो मला सहा जणांनी पाठवला. मजकूर असा: “ट्रॉलीला एक साइज मोठा टायर टाका. ट्रॉली उंच होईल, चिखलात फसणार नाही, दीडपट माल जाईल, डिझेलही वाचेल.” मी राहतो नागपुरात, संत्र्याची बाग काटोल तालुक्यात, आणि हा प्रयोग मी स्वतःच्या दोनचाकी ट्रॉलीवर करून बसलो आहे. त्यामुळे मेसेज पुढे ढकलण्याआधी माझं ऐका.

उंचीचं आधी सांगतो, कारण ते लवकर आटपतं. 7.50-16 (टायरची रुंदी आणि रिमचा व्यास, इंचांत) च्या टायरचा व्यास साधारण 80 सेंटिमीटर असतो, 9.00-16 चा 89 च्या आसपास. फरक 9 सेंटिमीटरचा दिसतो, पण एक्सल उचलला जातो त्याच्या निम्मा, म्हणजे साडेचार सेंटिमीटर. पांदण रस्त्यावर पावसाळ्यानंतर चाकोरी वीतभर खोल झालेली असते. तिथं साडेचार सेंटिमीटरनं पोट टेकायचं वाचलं तर वाचलं, नाही तर नाही. एक मात्र मान्य करतो: मोठं चाक खड्ड्यातून आणि बांधावरून सोपं चढतं. हा फायदा खरा आहे.

आता “फसणार नाही”. आमच्या शेजारच्या बागवाल्यानं मला हेच सांगितलं होतं, “मोठा टायर टाकून पाह्य भाऊ, फसतच नाही!” त्याचा हेतू चांगलाच होता. पण फसणं टायरच्या आकारापेक्षा जास्त ठरतं ते जमिनीवर पडणाऱ्या दाबावर, आणि तो दाब ढोबळमानानं टायरमधल्या हवेएवढाच असतो. एका चाकावर दीड टन वजन आणि टायरमध्ये 60 पौंड हवा धरा. कडक जमिनीवर टायर टेकतो जेमतेम 350 चौरस सेंटिमीटर, म्हणजे एका बाजूला 19 सेंटिमीटरही नसलेला चौकोन. त्याच वजनाला मोठा टायर लावून हवा 60 च ठेवली तर तो चौकोन जवळपास तेवढाच राहतो. हवा 30 केली तर दुप्पट होतो. पण भरलेल्या ट्रॉलीचा जाड प्लायचा टायर 30 वर चालवला की त्याच्या बाजू दबून तापतात आणि फाटतात. नागपूरजवळच्या वाडी गावातून जुने ट्रकचे टायर आणून टाकणाऱ्यांचं तर याहून वाईट: ते टायर जास्त हवेसाठीच बनलेले, वर झिजून गोटे झालेले. काळ्या भारी जमिनीत ते सुरीसारखे उतरतात. खरोखर न रुतणारे रुंद टायर मिळतात, 400/60-15.5 सारखे, पण त्यांना डिस्क (टायर बसतो ते लोखंडी चाक) रुंद लागते आणि ते आपल्या जुन्या हबवर (चाक बसतं तो मधला भाग) सरळ बसत नाहीत.

सगळ्यात घातक दावा “दीडपट माल” हा आहे, आणि माझं नुकसान झालं ते यातूनच. टायर जास्त वजन पेलतो म्हणून ट्रॉली जास्त पेलत नाही. मध्ये एक्सल आहे, बेअरिंग आहे, पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) आहेत, हूक आहे. माझे नवे टायर पाट्यांना घासत होते. फिटरनं डिस्क उलटी बसवली, चाक बाहेर सरकलं, घासणं थांबलं. मला वाटलं, झालं काम. पण चाक बाहेर गेलं की वजनाची रेघही बाहेर जाते आणि बाहेरच्या बाजूच्या लहान बेअरिंगवर भार वाढतो. मी वर क्रेटही वाढवले, 20 किलोचे 150. नागपूरच्या कळमना बाजाराला निघालो, रात्रीचे दोन वाजले असतील. फेटरीच्या अलीकडे जळक्या ग्रीसचा वास आला. उतरून टॉर्च मारला तर हबची टोपी गेलेली, आत रोलर निळे पडलेले, हब इतका तापलेला की हात लावणं अशक्य. माल दुसऱ्या गाडीत भरेपर्यंत सकाळ झाली आणि त्या दिवशीचा लिलाव हुकला. चाक निखळून मागच्या दुचाकीवर गेलं असतं तर? ही भीती अजून जात नाही.

ब्रेकचंही याच हिशोबात येतं. ट्रॉलीला ब्रेक असेल तर व्यास 80 चा 89 केला की रस्त्यावर मिळणारी रोखण्याची ताकद सुमारे दहा टक्क्यांनी घटते. बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेक नसतोच, सगळं ट्रॅक्टरवर. तिथं वाढवलेला प्रत्येक क्विंटल उतारावर ट्रॅक्टरला मागून ढकलतो. कायद्याचंही ऐका: नोंदणीत लिहिलेलं वजन टायर बदलून वाढत नाही, आणि मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाचा दंड 20 हजारांपासून सुरू होतो, वर प्रत्येक जादा टनाला 2 हजार.

डिझेलबद्दल एवढंच. ट्रॉलीची चाकं ओढली जातात, ती गाडी चालवत नाहीत. त्यामुळे “मोठ्या चाकानं वेग वाढतो” हे ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना लागू पडेल, ट्रॉलीला नाही. आणि माल दीडपट झाला तर डिझेल वाचणार कुठून?

मेसेजमध्ये नसलेली गोष्ट मला जास्त सलते. संत्र्याची अन्नद्रव्यं घेणारी मुळं वरच्या फूटभर मातीत असतात. ओल्या काळ्या मातीवरून तीन टन गेले की ती दबते, पाणी मुरत नाही, आणि साचलेल्या पाण्यात फायटोप्थोरा बुरशी वाढून खोडाला डिंक्या लागतो. रुंद टायरनं वरचा थर थोडा वाचतो, खालच्या थराला मात्र एकूण वजनच नडतं. सहा बाय सहा मीटरच्या बागेत ट्रॉली वळते ती नेमकी झाडाच्या आळ्याजवळून, ठिबकच्या नळीवरून.

मी जुने टायर आणि डिस्क परत सरळ बसवल्या. यंदा एका फेरीला 90 च क्रेट, हवा गेजनं मोजून. जमीन ओली असली की ट्रॉली धुऱ्यावर (बांधावर) उभी राहते आणि क्रेट बागेतून बैलबंडीवर येतात, एका वेळी 20-25. दोन मजूर आणि दोन तास जास्त लागतात. तोडणी पहाटे लवकर सुरू केली की तेवढा वेळ भरून निघतो, कळमन्याची वेळ चुकत नाही.