‘सरळ लेगसी करा’ असं मी का लिहीत नाही

नमस्कार. प्रतिक्रिया सविस्तर आहे आणि रागावलेलीही, म्हणून उत्तर जरा लांबेल.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं. विंडोजच्या शेजारी लिनक्स मिंट (लिनक्सवरची एक मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) कसं टाकायचं यावरचा माझा लेख वाचून तुम्ही मिंट टाकलंत, पण रीस्टार्ट केल्यावर थेट विंडोजच आलं. मग एका व्हिडिओत पाहून सिक्युअर बूट (सही नसलेला कोड सुरू होताना अडवणारी सोय) बंद केलंत, यूईएफआयचं (मशीन सुरू करण्याच्या आजच्या पद्धतीचं) लेगसी (जुनी बायोस पद्धत) केलंत आणि मिंट पुन्हा टाकलंत. आता मिंट येतं, पण विंडोज गायब. म्हणजे तुमच्या मते ग्रबने (मिंटसोबत येणारा, सुरुवातीला सिस्टिम निवडू देणारा प्रोग्राम) विंडोज खाल्लं, आणि लेगसीच्या वाटेला जाऊ नका असं बजावून मी लोकांना उगाच घाबरवलं.

पहिली गोष्ट, विंडोज गेलेलं नाही. मिंटमधून सी ड्राइव्हचे फोल्डर उघडतात, फक्त त्यात काही सेव्ह होत नाही, असं तुम्हीच लिहिलं आहे. जे पुसलं गेलं त्याचे फोल्डर कसे उघडतील?

यूईएफआयमध्ये टाकलेलं विंडोज ज्या फाइलवरून सुरू होतं ती डिस्कच्या एका छोट्या फॅट32 पार्टिशनवर (कप्प्यावर) असते. विंडोज ते सहसा 100 एमबीचं करतं. फर्मवेअर (मदरबोर्डवरचा, मशीन चालू होताच जागा होणारा प्रोग्राम) तिथली फाइल नावानिशी उचलतं आणि चालवतं. लेगसीत यातलं काहीच नसतं. तिथे डिस्कचा पहिला 512 बाइटचा सेक्टर वाचायचा आणि त्यातला कोड चालवायचा, एवढंच काम. तुमचं आत्ताचं ग्रब त्या सेक्टरमधून उठतं. ते उठतं तेव्हा यूईएफआयच्या सेवा हाताशी नसतात आणि विंडोजच्या फाइलला नेमक्या त्याच लागतात. त्यामुळे ग्रबच्या यादीत विंडोज येत नाही, आणि आलं तरी चालणार नाही. दोन्ही सिस्टिम धडधाकट आहेत, पण त्यांचे मोड वेगळे आहेत. तुमच्या बहुतेक तक्रारींची मुळी इथेच आहे.

म्हणून आधी फर्मवेअर सेटिंगमध्ये जाऊन यूईएफआय परत चालू करा. विंडोज लगेच येईल. बूट मेनूत ‘उबंटू’ नावाची एक जुनी नोंदही दिसेल. ती तुमच्या पहिल्या मिंटची आहे (मिंट फर्मवेअरमध्ये स्वतःला उबंटू म्हणवून घेतं, त्यामुळे अनेकजण गोंधळतात). दुसऱ्यांदा मिंट टाकताना पहिलं पार्टिशन फॉरमॅट झालं असेल, तर ही नोंद निवडल्यावर काळ्या पडद्यावर ग्रबचा प्रॉम्प्ट येऊन थांबेल. घाबरू नका, ती नोंद नव्या इन्स्टॉलेशनमध्ये दुरुस्त होते.

आता मिंट पुन्हा टाकायचं, पण इन्स्टॉलरचा पेन ड्राइव्ह कुठल्या मोडमध्ये सुरू होतोय ते पाहून. लेगसी सपोर्ट चालू असेल तर बूट मेनूत एकच पेन ड्राइव्ह अनेकदा दोनदा दिसतो, एकदा नुसता आणि एकदा नावाआधी यूईएफआय लावून. दुसरा निवडा. लाइव्ह सेशनमध्ये (पेन ड्राइव्हवरून चालणाऱ्या मिंटमध्ये) खात्रीही करता येते. मूळ डिरेक्टरीतल्या ‘सिस’ फोल्डरमध्ये ‘फर्मवेअर’ आणि त्यात ‘ईएफआय’ नावाचा फोल्डर असेल तर मोड बरोबर. नसेल तर इन्स्टॉलरचं बटण दाबूच नका. आणि पार्टिशन निवडताना ते 100 एमबीचं ईएफआय पार्टिशन आहे तसं वापरा, त्यावर फॉरमॅटची खूण नको. विंडोज खरंच गमवायचं असेल तर तो सोपा मार्ग आहे.

मग पहिल्यांदा थेट विंडोज का आलं? माझा अंदाज, मिंट तेव्हाच नीट बसलं होतं, फक्त बूट ऑर्डरमध्ये ‘विंडोज बूट मॅनेजर’ वर राहिला. ‘उबंटू’ची नोंद वर सरकवली असती तर भागलं असतं. काही फर्मवेअर हा क्रम जुमानत नाहीत आणि हट्टाने विंडोजच सुरू करतात, पण ते नंतर बघू. उलट ग्रब आलं आणि त्यात विंडोज नसलं, तर ते वेगळं दुखणं. 2021च्या 2.06 आवृत्तीपासून ग्रबमध्ये दुसरी सिस्टिम शोधणारं ओएस-प्रोबर मुळात बंद ठेवलेलं असतं. काही डिस्ट्रो (लिनक्सचे प्रकार) ते स्वतःहून चालू करतात, काही करत नाहीत.

व्हिडिओतल्या ज्या सल्ल्यावर माझा खरा राग आहे तो सिक्युअर बूटचा. मिंट, उबंटू, फेडोरा यांच्याकडे मायक्रोसॉफ्टने साइन केलेला शिम (ग्रबच्या आधी चालणारा छोटा प्रोग्राम) असतो, त्यामुळे सिक्युअर बूट सहसा बंद करावं लागत नाही. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू असलेल्या मशीनवर ते बंद केलं, तर टीपीएमला (किल्ल्या सांभाळणाऱ्या सुरक्षा चिपला) बदल कळतो आणि विंडोज 48 अंकी रिकव्हरी की मागत बसतं. तुमचा सी ड्राइव्ह कीशिवाय उघडतो, म्हणजे तुमच्याकडे बिटलॉकर नाही. तुम्ही वाचलात. पण तो व्हिडिओ बघणारे सगळेच वाचतील असं नाही. शिवाय लेगसीला आता भविष्यही नाही: ते 2020पर्यंत काढून टाकण्याचा इरादा इंटेलने 2017मध्येच जाहीर केला होता, आणि विंडोज 11ला तर यूईएफआयच लागतं.

सी ड्राइव्हवर सेव्ह होत नाही, त्यात मिंटचा दोष नाही. विंडोज 8पासून आलेलं फास्ट स्टार्टअप शटडाउनच्या वेळी कर्नल (सिस्टिमचा गाभा) हायबरनेट करून ठेवतं, आणि अशा अर्धवट मिटलेल्या ड्राइव्हवर लिनक्स लिहायला नकार देतं. हे शहाणपणाचं आहे. ड्राइव्ह जबरदस्तीने माउंट करण्याच्या (जोडून घेण्याच्या) कमांड इंटरनेटवर ढिगाने मिळतात, त्या वापरू नका. पॉवर ऑप्शन्समधून फास्ट स्टार्टअप बंद करा. गंमत म्हणजे शटडाउनऐवजी रीस्टार्ट केलं तर विंडोज पूर्ण मिटतं.

दोन सिस्टिममध्ये घड्याळ वेगवेगळी वेळ दाखवतं, त्याचं एका वाक्यात: विंडोज मदरबोर्डवरची वेळ स्थानिक मानतं, लिनक्स ती यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) मानतं, तेव्हा दोघांपैकी एकाची समजूत बदला. मी विंडोजची बदलतो, कारण वर्षातून दोनदा घड्याळं पुढेमागे होणाऱ्या ठिकाणी दोन्ही सिस्टिम तोच तास आपापल्या परीने बदलून ठेवतात.

राहिला तुमच्या मित्राचा लॅपटॉप, ज्यात इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही. प्रोसेसर इंटेलचा असेल तर आरएसटी किंवा व्हीएमडी (डिस्क हाताळण्याच्या इंटेलच्या खास पद्धती) चालू आहे का बघा. ते बंद करून एएचसीआय (डिस्क हाताळण्याची सर्वसाधारण पद्धत) करावं लागेल, पण थेट नाही, नाहीतर विंडोज निळा पडदा दाखवेल. आधी विंडोजला सेफ मोडमध्ये सुरू व्हायला सांगायचं, मग सेटिंग बदलायचं, विंडोज एकदा सेफ मोडमध्ये उघडायचं आणि मग नेहमीच्या मोडवर आणायचं. त्यांच्या मशीनवर बिटलॉकर असेल तर हे सगळं करण्याआधी ती 48 अंकी की कागदावर उतरवून घ्यायला सांगा.