तात्पुरत्या राज्यात दाद कुणाकडे मागायची?

गाझाच्या बातम्या आल्या की आमच्या ग्वाल्हेरच्या मराठी मंडळींत हल्ली एक वाक्य हमखास ऐकू येतं. 'या लोकांना आपलं आपण राज्य चालवता येत नाही. दहा वर्षं बाहेरचं कोणीतरी बसवा, सगळं सुतासारखं सरळ येईल.' बोलणारी माणसं वाईट नाहीत. टीव्हीवर ती मुलं बघून त्यांचाही जीव तुटतो, आणि काहीतरी एकदाचं थांबावं असं त्यांना मनापासून वाटतं. तरी हे वाक्य मला फार खुपतं. का खुपतं, ते नीट लिहायचं ठरवलंय. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

बाहेरच्यांचं तात्पुरतं राज्य मुळातच वाईट, असं माझं म्हणणं नाही. युद्ध थांबतं तेव्हा पोलीस पळालेले असतात, न्यायाधीश गाव सोडून गेलेले असतात, घरादाराच्या नोंदींची दप्तरं हरणाऱ्या बाजूने जाताना सोबत नेलेली असतात. कोसोवोत, म्हणजे युगोस्लाव्हियातल्या सर्बियाच्या अल्बेनियन-बहुल प्रांतात, हे सगळं झालं. अशा वेळी दोन्ही बाजूंचा नसलेला कोणी तिसरा येऊन बसला तर निदान रात्रीची जाळपोळ थांबते. पण त्या तिसऱ्याच्या हातून चूक झाली, अन्याय झाला, तर तिथल्या माणसाने कोणाचं दार ठोठवायचं? याचं उत्तर आधी लिहून ठेवल्याशिवाय असं राज्य कोणावर लादू नये, असं माझं ठाम मत आहे.

कोसोवोचंच बघा. युगोस्लाव्हियावरचे नाटोचे बॉम्बहल्ले थांबले आणि १० जून १९९९ रोजी सुरक्षा परिषदेने १२४४ क्रमांकाचा ठराव केला. चौदा मतं बाजूने, चीन तटस्थ. त्या ठरावाने युगोस्लाव्हियाचं सार्वभौमत्व कागदावर कायम ठेवलं, आणि कोसोवोचा सगळा कारभार मात्र युनोच्या मिशनकडे दिला. या मिशनला 'अनमिक' म्हणत. प्रदेश शेवटी कोणाचा, हे पुढे ढकललं. मग अनमिकचा पहिलाच नियम आला: कायदे करण्याची, ते राबवण्याची आणि न्यायालयं चालवण्याची सगळी सत्ता अनमिककडे, आणि ती वापरणार एक माणूस, युनोच्या सरचिटणीसांचा विशेष प्रतिनिधी. वीसएक लाख लोकांवर इतकी एकहाती सत्ता आपल्याकडे कुठल्या राज्यपालाला दिली असती, तर आपण रस्त्यावर उतरलो असतो.

त्याच नियमात असंही होतं की २४ मार्च १९९९ पूर्वी जे कायदे लागू होते तेच पुढे चालतील. ऐकायला सरळ वाटतं. पण ते कायदे म्हणजे सर्बियन नेता मिलोसेविचच्या राजवटीचे, ज्यांच्या जोरावर दहा वर्षं अल्बेनियन लोकांना नोकऱ्यांतून आणि शाळांतून बाहेर काढलं होतं. अल्बेनियन न्यायाधीशांनी ते वापरायला साफ नकार दिला. डिसेंबर १९९९ मध्ये अनमिकला नियम बदलावा लागला आणि २२ मार्च १९८९ रोजी, म्हणजे कोसोवोची स्वायत्तता जाण्याआधी, जे कायदे होते ते परत आणावे लागले. म्हणजे जवळजवळ सहा महिने, सूडाच्या खुनांचं सत्र चालू असताना, कोर्टात कुठला कायदा चालतो हेच पक्कं नव्हतं. हे तिथल्या एखाद्या म्हाताऱ्या वकिलाला आधी विचारलं असतं तरी कळलं असतं.

माझे एक स्नेही निवृत्त पोलीस अधिकारी आहेत, टेकनपूरच्या बाजूला राहतात. युनोच्या पोलिसांत ते कोसोवोला होते. लाल-पांढऱ्या जीपगाड्या, प्रत्येक देशाचा पोलीस आपापल्या गणवेशात, डोक्यावर निळी टोपी. ते सांगतात, तक्रार नोंदवायला बाई आली की आधी दुभाष्या शोधायचा. आणि दुभाष्या कोण, तर काल-परवापर्यंत शाळेत गणित शिकवणारा मास्तर. कारण युनोकडे दुभाष्याचं किंवा ड्रायव्हरचं काम केलं की शिक्षकाच्या, डॉक्टरच्या पगाराच्या कितीतरी पट पैसे मिळत. शाळा-दवाखाने रिकामे होऊ लागले, आणि हे बदलायला सांगायचं कोणाला, ते त्या बाईला माहीत नव्हतं आणि माझ्या स्नेह्यांनाही नव्हतं.

पण ज्या गोष्टीमुळे माझी झोप उडाली ती मित्रोवित्सा शहरातली आहे.

इबार नदीच्या काठी तिथे रोमा (जिप्सी) लोकांची मोठी वस्ती होती, 'महाला' म्हणत तिला. जून १९९९ मध्ये सर्बियन फौज गेल्यावर ती वस्ती लुटून जाळण्यात आली. बेघर झालेल्यांपैकी सुमारे ६०० जणांना युनोने शहराच्या उत्तरेला छावण्यांत ठेवलं. सांगितलं, थोड्या दिवसांचा प्रश्न आहे. त्या छावण्या होत्या त्रेपचा या खाण-उद्योगाच्या शिसं गाळणाऱ्या कारखान्याच्या मळीच्या ढिगाऱ्यांशेजारी. वारा सुटला की ती धूळ पत्र्याच्या खोल्यांत, पाण्याच्या भांड्यांत, रांगणाऱ्या पोरांच्या हातांवर.

युनोला हे ठाऊक नव्हतं असंही नाही. ऑगस्ट २००० मध्ये अनमिकनेच सैनिक पाठवून तो कारखाना बंद पाडला, कारण दिलं शिशाचं प्रदूषण. कारखाना बंद केला आणि माणसं मात्र ढिगाऱ्याशेजारीच ठेवली! २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मुलांचं रक्त तपासलं. शिशाचं प्रमाण इतकं भयंकर निघालं की तातडीने जागा हलवा असं त्यांनी सांगितलं. तरी 'थोड्या दिवसां'ची दहा वर्षं झाली आणि वर काही. मुलांना झटके येत, त्यांची वाढ खुंटली. शिसं एकदा लहान मुलाच्या मेंदूत गेलं की केलेलं नुकसान भरून येत नाही.

आता त्या आईबापांनी दाद कुठे मागायची? कोसोवोच्या न्यायालयात जाता येत नव्हतं, कारण २००० सालच्या एका नियमाने अनमिक आणि नाटोचं सैन्य दोघांनाही खटल्यांपासून संरक्षण दिलं होतं. (हा नियम अनमिकनेच केला, स्वतःसाठी.) अनमिकनेच नेमलेल्या लोकपालाने २००१ मध्ये लेखी सांगितलं की हे मानवाधिकारांत बसत नाही. काही फरक पडला नाही. उलट २००६ मध्ये अनमिकला लोकपालाच्या अधिकारकक्षेतूनच बाहेर काढलं. त्याऐवजी मानवाधिकार सल्लागार मंडळ आलं, आणि त्यातला 'सल्लागार' शब्द अगदी खरा ठरला. या कुटुंबांनी युनोकडे भरपाई मागितली ती २००६ मध्ये, नकार आला २०११ मध्ये. सल्लागार मंडळाने २०१६ मध्ये निकाल दिला: जगण्याच्या, आरोग्याच्या हक्काचा भंग झाला आहे, माफी मागा, भरपाई द्या. २०१७ मध्ये युनोने खेद व्यक्त केला आणि देशांनी ऐच्छिक वर्गणी द्यावी असा एक निधी काढला, तोही सामूहिक कामांसाठी. कुटुंबाच्या हातात भरपाई म्हणून काहीच नाही.

जगाला मानवाधिकार शिकवणारी संस्था प्रत्यक्ष राज्यकर्ती झाली तेव्हा तिने केलेलं हे आहे. ते लोक दुष्ट होते असं मी म्हणत नाही. त्यांचे वरिष्ठ न्यूयॉर्कमध्ये होते, बढती न्यूयॉर्कहून येत होती, आणि छावणीतल्या आईच्या हातात त्यांना हलवण्यासारखं काहीही नव्हतं.

पूर्व तिमोरचं उदाहरण चांगलं म्हणून दिलं जातं, आणि बऱ्याच अंशी ते आहेच. ३० ऑगस्ट १९९९ च्या मतदानात ७८ टक्क्यांहून जास्त लोकांनी इंडोनेशियापासून स्वातंत्र्य मागितलं. त्यानंतर जाळपोळ झाली, ऑक्टोबरमध्ये युनोचं प्रशासन आलं आणि २० मे २००२ रोजी देश स्वतंत्र झाला. कुठे पोचायचं हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं, त्यामुळे बराच घोळ टळला. तिथेही सुरुवातीला फक्त पंधरा जणांचं सल्लागार मंडळ होतं, त्यात स्थानिक अकरा. राजधानीचं 'दिली' शहर राख झालेलं, आणि परदेशी कर्मचारी बंदरातल्या तरंगत्या हॉटेलात राहत होते, यावर लोक चिडले होते. प्रशासक सर्जिओ व्हिएरा द मेलो यांनी ते ओळखलं आणि २००० च्या जुलैत मंत्रिमंडळात तिमोरी माणसं घेतली. पण हे झालं ते त्या माणसाच्या समंजसपणामुळे. दुसरा कोणी असता तर?

आणि हा रोग युनोच्या जन्माआधीपासूनचा आहे. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीचा सार प्रांत पंधरा वर्षं राष्ट्रसंघाच्या पाच जणांच्या आयोगाकडे होता. १९२३ मध्ये खाणकामगारांचा संप झाला तेव्हा या आयोगाने वटहुकूम काढला: राष्ट्रसंघाची किंवा व्हर्सायच्या तहाची बदनामी केली तर पाच वर्षांपर्यंत तुरुंग. लंडनच्या संसदेत आरडाओरडा झाला तेव्हा कुठे राष्ट्रसंघाने आयोगाला जाब विचारला. सारच्या खाणकामगाराचं नशीब की परदेशातल्या खासदारांना त्याची कणव आली.

आपण ग्वाल्हेरकरांनी तर हे घरात बघितलंय. २९ डिसेंबर १८४३ रोजी महाराजपूर आणि पनिहार या दोन्ही ठिकाणी एकाच दिवशी शिंद्यांची फौज इंग्रजांकडून हरली. गादीवर जयाजीराव, अजून लहान. त्यांना दत्तक घेतलेल्या विधवा राणी ताराबाईसाहेब जेमतेम बारा-तेरा वर्षांच्या. जानेवारी १८४४ च्या तहाने ताराबाईंना वार्षिक तीन लाखांची नेमणूक देऊन बाजूला केलं आणि कारभार सरदारांच्या मंडळाकडे दिला. मंडळाने वागायचं ते इंग्रज रेसिडेंटच्या, म्हणजे दरबारातल्या कंपनी सरकारच्या प्रतिनिधीच्या, सल्ल्याने. जयाजीराव अठरा वर्षांचे होईपर्यंत, म्हणजे १८५३ पर्यंत, अशी मुदतही लिहिली होती. घडी बसली हे खरं आहे, दिवाण दिनकरराव राजवाड्यांच्या कामाबद्दल मला आदरच आहे. पण रेसिडेंट चुकला तर तक्रार कोणाकडे? कलकत्त्याला, ज्यांनी त्याला पाठवलं त्यांच्याकडे. कंटिन्जंट फौजेचा खर्च ग्वाल्हेरच्या महसुलातून आणि हुकूम गोऱ्या अधिकाऱ्यांचा, यावर दरबाराला चकार शब्द काढायची सोय नव्हती. १८५८ मध्ये किल्ल्यावर इंग्रज फौज बसली, ती १८८६ मध्ये उतरली, तेही झाशी घेऊन. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या कितीतरी माणसांनी जन्मभर मान वर करून त्या किल्ल्यावर परका झेंडा बघितला असेल. 'बाहेरचं कोणीतरी बसवा' हे आपल्याकडे इतक्या सहज बोललं जातं, याचं मला म्हणूनच जास्त वाईट वाटतं.

मला सांगतील की कायद्याचं संरक्षण दिलं नाही तर कुठलाच देश आपले सैनिक आणि अधिकारी पाठवणार नाही. बरोबर आहे. सैनिकाला स्थानिक कोर्टात खेचू नका, मान्य. पण मग एक स्वतंत्र न्यायमंडळ नेमा, त्यात निम्मी माणसं त्याच भूमीतली घ्या, त्याचा निर्णय प्रशासनावर बंधनकारक करा, आणि भरपाईचा पैसा मिशनच्या अंदाजपत्रकात पहिल्या दिवशी बाजूला काढून ठेवा. हे काही अशक्य कोटीतलं नाही. अशा मिशनवर होणाऱ्या खर्चात ती रक्कम किरकोळ असते.

आता गाझा. १७ नोव्हेंबर २०२५ रोजी सुरक्षा परिषदेने २८०३ क्रमांकाचा ठराव केला. तेरा मतं बाजूने, रशिया आणि चीन तटस्थ. 'बोर्ड ऑफ पीस' नावाच्या मंडळाकडे संक्रमणकाळाचा कारभार, रोजची कामं पॅलेस्टिनी तज्ज्ञांच्या समितीकडे, आंतरराष्ट्रीय फौज वेगळी, मुदत ३१ डिसेंबर २०२७ पर्यंत. मुदत लिहिली हे चांगलं झालं. मंडळाने दर सहा महिन्यांनी सुरक्षा परिषदेला अहवाल द्यायचा आहे. फौजेतल्या माणसांच्या कायदेशीर संरक्षणाची तरतूद ठरावात आवर्जून आहे. ज्याचं घर चुकीच्या यादीत गेलं, ज्याच्या मुलाला चौकीवर उचललं, ज्याला राहायला दिलेली जमीन विषारी निघाली, त्याने अर्ज कुठे करायचा, याची एक ओळही त्यात नाही. ती ओळ घालायला अजून वेळ आहे. त्या फौजेत आणि त्या मंडळात जे देश सामील झाले आहेत किंवा होतील, त्यांच्याकडे हीच मागणी व्हायला हवी, आणि आपल्या सरकारनेही माणसं पाठवण्याआधी हीच अट घालावी.