अपॅची २.४ बसवावा, पण वापरू नये

अपॅची या वेब सर्व्हरची (ब्राउझरला संकेतस्थळाची पाने पुरवणाऱ्या सॉफ्टवेअरची) २.४ ही मालिका फेब्रुवारी २०१२ मध्ये आली आणि आधीच्या २.२ची अखेरची आवृत्ती, म्हणजे २.२.३४, जुलै २०१७ मध्ये निघाली. मधली पाच वर्षे विचारविनिमयात घालवून आपण शेवटी नाइलाजाने नवा सर्व्हर बसवलाच असेल, तर निदान त्यातील सुधारणांची बाधा आपल्या कॉन्फिगरेशनला, म्हणजे सेटिंगच्या फाइलींना, होऊ नये, एवढी दक्षता अवश्य घ्यावी.

पहिला धोका प्रवेशनियमांचा, म्हणजे कोणाला काय पाहू द्यायचे हे ठरवणाऱ्या ओळींचा, आहे. पूर्वी ‘ऑर्डर’, ‘अलाउ’ आणि ‘डिनाय’ अशा तीन ओळी लिहिल्यावर त्यांपैकी अखेर कोणाचे चालणार, हे जाणकारालाही दोनदा वाचावे लागे. २.४ मध्ये त्या जागी ‘रिक्वायर ऑल डिनाइड’ (सर्वांना मनाई) अशी सरळ ओळ आली. वाचताक्षणी अर्थ कळणाऱ्या अशा ओळी फाइलीत शिरल्या, तर रात्री-अपरात्री आपल्याला फोन करण्याचे कोणाला काय कारण उरेल? तेव्हा जुन्या ओळी चालाव्यात म्हणून दिलेले ‘ॲक्सेस कॉम्पॅट’ मॉड्यूल (सर्व्हरचा जोडभाग) लोड करावे आणि जुन्या-नव्या ओळी एकाच डिरेक्टरीसाठी मिसळून लिहाव्यात. असे करू नये, हे अधिकृत दस्तऐवजांत स्पष्ट लिहिलेले आहे. पण ते वाचतो कोण!

एकाच वेळी येणाऱ्या अनेक विनंत्या कशा हाताळायच्या, हे एमपीएम नावाचे मॉड्यूल ठरवते. त्यातले ‘इव्हेंट’ एमपीएम २.२ मध्ये प्रायोगिक होते, आता ते पूर्ण मान्यताप्राप्त झाले आहे. ‘प्रीफोर्क’ या दुसऱ्या एमपीएममध्ये पान उघडून स्वस्थ बसलेल्या ब्राउझरच्या कीप-अलाइव्ह (पुढच्या विनंतीसाठी उघडी ठेवलेल्या) जोडणीसाठीही एक अख्खी प्रोसेस अडकून पडते, ‘इव्हेंट’ अशा रिकाम्या जोडण्या जोडण्यांवर नजर ठेवणाऱ्या लिसनर थ्रेडकडे सोपवून कामकरी थ्रेड मोकळे करते. यात मेमरी वाचते आणि मेमरी वाचली की नव्या रॅमचा प्रस्ताव बारगळतो. पीएचपी मॉड्यूलचे थ्रेडशी जमत नाही, ही सबब पुढे करून ‘प्रीफोर्क’लाच चिकटून राहणे त्यामुळे श्रेयस्कर. एमपीएम आता सर्व्हर पुन्हा कंपाइल न करता बदलता येते, ही गोष्ट मात्र वरिष्ठांच्या कानावर जाऊ देऊ नये.

लॉगमध्ये किती बारीक नोंदी व्हाव्यात, ती पातळी आता मॉड्यूलगणिक ठरवता येते; केवळ रीराइटची (पत्ते बदलून देणाऱ्या मॉड्यूलची) गडबड शोधायची असेल, तर ‘रीराइट:ट्रेस३’ एवढे लिहून भागते. आपण अर्थातच सबंध सर्व्हरला ‘ट्रेस८’ ही सर्वांत तपशीलवार पातळी लावावी आणि डिस्क भरली की लॉगच बंद करावेत.

डिरेक्टरीत ठेवलेल्या डॉट-एचटीॲक्सेस फाइलीला मुख्य सेटिंग बदलू द्यायचे की नाही, हे ठरवणाऱ्या ‘अलाउओव्हरराइड’चे मूळ मूल्य आता ‘नन’ (काहीच नाही) आहे. ते सर्वांत वरच्या डिरेक्टरीलाच ‘ऑल’ करावे, म्हणजे प्रत्येक विनंतीगणिक सर्व्हर वाटेतल्या प्रत्येक डिरेक्टरीत डॉट-एचटीॲक्सेस फाइल शोधत हिंडेल आणि व्यग्र दिसेल.

एवढे करूनही कोणी ‘४०३ फॉरबिडन’ची (प्रवेश नाकारल्याची) तक्रार घेऊन आलेच, तर शोधाशोध न करता थेट सर्वांत वरच्या डिरेक्टरीलाच ‘रिक्वायर ऑल ग्रँटेड’ (सर्वांना मुभा) देऊन टाकावे. २.४.४९ मध्ये पाथ (फाइलीचा पत्ता) हाताळण्यात त्रुटी होती आणि साइटच्या फोल्डरबाहेरील फाइलींवर ‘रिक्वायर ऑल डिनाइड’ नसेल, तर त्या बाहेरच्या माणसाला वाचता येत होत्या. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यावर २.४.५० आली, तो इलाज अपुरा ठरला आणि तीन दिवसांत २.४.५१ काढावी लागली. आपल्या उदार ओळीची चौकशी झालीच, तर या तीन आवृत्त्यांचे आकडे ओळीने म्हणून दाखवावेत आणि सगळा दोष अपॅचीवर ढकलावा.