‘नुसती करमणूक’ म्हणणाऱ्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, बरं वाटलं. चिमटे धरूनसुद्धा. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की कथा-कादंबऱ्या म्हणजे नुसती करमणूक, तेवढ्या वेळात माणसाने इतिहास-अर्थशास्त्र वाचावं, आणि ‘वाचनाने माणूस घडतो’ हे माझं वाक्य पोकळ आहे.

शेवटचा मुद्दा आधी मान्य करून टाकतो. ते वाक्य १५ ऑक्टोबरच्या, म्हणजे वाचन प्रेरणा दिनाच्या, भाषणांतून माझ्या लेखात शिरलं. घरात भिंतभर पुस्तकं आणि कामवाल्या बाईंचा कप वेगळा, अशी घरं मीही पाहिली आहेत.

माझी हरकत आहे ती ‘नुसती’ला. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये साप्ताहिक काढलं, त्याचं नावच ‘करमणूक’. त्यात ‘पण लक्षात कोण घेतो?’ क्रमशः आली. यमू नावाच्या विधवेची हकीकत, तिच्याच तोंडून. त्याच सुमाराला पुण्यात संमतिवयाच्या बिलावरून रण माजलं होतं. मुलीशी, मग ती बायको का असेना, शरीरसंबंधाचं किमान वय दहाचं बारा करायचं की नाही, यावर सभा, अग्रलेख, शास्त्राधार, डॉक्टरांची मतं. माहिती रग्गड होती, बोलणारे मात्र बहुतेक बाप्ये. (हरिभाऊही बाप्याच, हे तुम्ही म्हणायच्या आत मीच म्हणतो.)

आमच्या गावच्या वाचनालयात या कादंबरीची एक जुनी, पुन्हा बांधलेली प्रत होती. कादंबरीतले खलनायक शंकरमामंजी पानावर आले की समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात ‘मेल्या!’ दोन ठिकाणी ‘मुडदा बशिवला याचा’. यमूचं बळजबरीने केशवपन होतं तिथली पानं कापडासारखी मऊ झालेली. तिथे मात्र एक शब्द नाही. नुसती एक उभी रेघ, इतकी दाबून ओढलेली की कागद फाटलाय. कुणी ओढली कोण जाणे. ती ओढणारी बाई पुढे सुधारक झाली, असं काही मी म्हणणार नाही. पुस्तक वेळेत परत करून स्वयंपाकाला लागली असेल.

संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने काव्याची सहा प्रयोजनं सांगितली. यश आणि पैसा पहिल्या दोन जागांवर. मराठीत लिहिणाऱ्याने ती दोन्ही सोडून द्यावीत. व्यवहारज्ञान आणि उपदेशही आहेत, म्हणजे तुमची बाजूही त्याने सोडलेली नाही. पण सगळ्या प्रयोजनांच्या माथ्यावर त्याने बसवला तो वाचता वाचता लगेच मिळणारा आनंद, ज्यात बाकी काही जाणवतच नाही. त्याचा शब्द ‘विगलितवेद्यान्तर’. आमच्या घरी त्याचा अर्थ गॅसवरचं दूध उतू जाणं.

तुम्ही सुचवलेल्या यादीतलं जमीन महसुलाच्या इतिहासाचं पुस्तक आणलंय. चांगलं आहे, खरंच. आठवडाभर रोज सकाळी ओट्यापाशी वाचतोय. दूध अजून एकदाही उतू गेलेलं नाही.