समुद्राशेजारी ऊन लागत नाही?

उन्हाळा आला की एक मजकूर हमखास फिरतो: ‘समुद्राचं पाणी थंड, म्हणून कोकण थंड. किनाऱ्यावर पारा चाळिशी गाठत नाही, उष्माघाताची भीती नाही. नागपूर तापतं ते केवळ समुद्र लांब म्हणून.’

समुद्र ऋतूंची धार बोथट करतो, हे खरंच. मुंबईत जानेवारी आणि मे यांच्या सरासरी कमाल तापमानात जेमतेम 2-3 अंशांचा फरक, नागपुरात 13-14 चा. पण त्याचं कारण थंड पाणी नव्हे. मे महिन्यात कोकणालगतचा समुद्र 29-30 अंशांवर असतो! तो सावकाश तापतो, इतकंच. पाणी तापायला तेवढ्याच वजनाच्या कोरड्या मातीच्या सुमारे पाचपट उष्णता लागते. त्यातली बरीच बाष्पीभवनात जाते, उरलेली लाटा खोलवर घुसळतात. मातीत दिवसाची ऊब हातभरही नीट उतरत नाही.

चाळिशीचं म्हणाल, तर 14 एप्रिल 1952 रोजी सांताक्रूझला 42.2 अंश नोंदले गेले. मार्च-एप्रिलमध्ये कधी कधी जमिनीवरचे कोरडे पूर्वेचे वारे जोर धरतात. सह्याद्री उतरताना ही हवा दर 100 मीटरला जवळपास 1 अंशाने तापते आणि एरवी दुपारआधी येणारे खारे वारे दुपार उलटेपर्यंत अडून राहतात. तेवढ्या दोन-तीन तासांत पारा चढतो. मेमध्ये पश्चिमेचे वारे स्थिरावतात, म्हणून मुंबईचे असे दिवस मेऐवजी बहुधा आधीच येऊन जातात. अंदाज पाहताना नुसता आकडा पाहू नये. सकाळी 11 ला वारा कुठून आहे, ते बघावं.

अंतराचा मुद्दाही तसाच लंगडा. मंगळूर आणि चेन्नई जवळपास एकाच अक्षांशावर, दोन्ही समुद्राला चिकटून. तरी मे अखेरीस चेन्नई चाळिशी ओलांडते, मंगळूर नाही. तेव्हाचे पश्चिमेचे वारे मंगळुरात समुद्रावरून येतात, चेन्नईत तापलेल्या जमिनीवरून.

सगळ्यात घातक दावा उष्माघाताचा. 34 अंश आणि 70 टक्के आर्द्रता असेल, तर ओलं फडकं गुंडाळलेला तापमापक 29 दाखवतो. 42 अंश आणि 20 टक्क्यांना 24 च. बाष्पीभवनाने येणारा गारवा या आकड्याखाली जात नाही. घाम वाळून शरीर थंड होण्याची सोय कोकणात त्यामुळे तोकडी पडते. हवामान खातं उष्णतेच्या लाटेचा विचार मैदानी भागात 40 अंशांपासून करतं, किनाऱ्यावर 37 पासून.

कूलरचंही हेच गणित. चांगला कूलर हवेचं तापमान आणि ओल्या फडक्याचा आकडा यांमधलं सुमारे 80 टक्के अंतर कापतो: नागपुरात 42 चे 28 होतात, कोकणात 34 चे 30, वर खोलीत दमटपणा वाढतो तो वेगळाच. कोकणात बंद खोलीत कूलर लावण्यापेक्षा समोरासमोरच्या खिडक्या उघडून पंखा लावलेला बरा.