खटला सीमेचा आहे, पहाणीपत्रकाचा नाही

सीमाभागातलं काहीही विचारा, बंगळूर असो की मुंबई, उत्तर ठरलेलं: प्रकरण न्यायप्रविष्ट आहे. या उत्तराचा मला आता राग येतो.

सर्वोच्च न्यायालयात नेमकं काय आहे? २००४ साली महाराष्ट्राने कलम १३१ खाली दावा लावला. राज्याराज्यांतलं भांडण थेट दिल्लीला नेण्याचं हे कलम. मागणी ८६५ गावांची. कर्नाटक म्हणतं, कलम ३ प्रमाणे हद्द बदलायचा अधिकार संसदेचा, कोर्टाने यात पडूच नये. आपल्या माणसांना आवडणार नाही, पण हा मुद्दा अगदीच हवेतला नाही. कलम ३ ला राज्याची संमतीसुद्धा लागत नाही. राष्ट्रपती विधिमंडळाचं मत मागवतात, ते मानायचं बंधन संसदेवर नाही. म्हणजे डिसेंबर २०२२ मध्ये दोन्हीकडच्या विधिमंडळांनी पाठोपाठ केलेले ठराव टाळ्यांपुरतेच. तरीही संसदेचा कायदा घटनेत बसतो की नाही, हे तपासायचं काम कोर्टाचंच. तेव्हा दावा चालू दे.

पण तो दावा हद्दीचा आहे. माझ्या मावशीच्या शेताचं पहाणीपत्रक, म्हणजे महाराष्ट्रातल्या सातबाऱ्यासारखा जमिनीचा उतारा, कन्नडमध्ये येतं आणि ते वाचायला तिला शेजारच्या पोराला हाक मारावी लागते, हे कुठल्या कोर्टात अडकलंय? (कन्नड शिकायला कुणाची ना नाही. ते पोरगं शाळेतच शिकलंय.)

ज्या सातव्या घटनादुरुस्तीने १९५६ साली नकाशा बदलला, तिनेच कलम ३५०अ आणि ३५०ब घातली. मातृभाषेत प्राथमिक शिक्षणाची सोय करा, आणि भाषिक अल्पसंख्याकांसाठी एक विशेष अधिकारी नेमा. हा अधिकारी चौकशी करतो, राष्ट्रपतींना अहवाल देतो, अहवाल संसदेपुढे जातो. हुकूम सोडायचा अधिकार त्याला नाही. अंमलबजावणी राज्याची, म्हणजे आपल्यापुरती डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसची.

आणि सरकारने मनावर घेतलं तर यंत्रणा किती झपाट्याने हलते ते बेळगावने पाहिलंय. २००५ मध्ये महापालिकेने महाराष्ट्रात जायचा ठराव केला. त्याच नोव्हेंबरात राज्य सरकारने पालिका बरखास्त केली. तेव्हा कुणाला न्यायप्रविष्ट वगैरे आठवलं नाही.

मराठी कागदांसाठी १३१ लागत नाही, नागरिकाने थेट हायकोर्टात जायचं कलम २२६ पुरतं. त्याला दोन सरकारं नकोत, एक नागरिक बास, आणि धारवाड खंडपीठ बसने दोन तासांवर. "कर्नाटकाचं कोर्ट आपल्याला काय न्याय देणार" हे मी नाक्यावर हज्जारदा ऐकलंय. अहो, सरकारं दोन आहेत, दिल्लीचं आणि बंगळूरचं, पण कोर्टांची शिडी एकच. खानापूरच्या कोर्टापासून दिल्लीपर्यंत तीच घटना. हायकोर्टाचे न्यायाधीशही राष्ट्रपतीच नेमतात, मुख्यमंत्री नव्हे.

महाराष्ट्र एकीकरण समितीच्या नेतेमंडळींना माझा सवाल एवढाच: १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या निषेध फेरीची तयारी महिनाभर आधी सुरू होते, तशी मराठी कागदपत्रांच्या याचिकेची तारीख कुणी लक्षात ठेवतं का? पुढची तारीख कधी आहे, आणि वकील कोण उभा राहणार?